रावेरची केळी आणि मातीतून फिरणारी बुरशी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात कुठल्याही बागेत शिरा, हजारो खोडं रांगेत उभी दिसतात. जीवशास्त्राच्या हिशेबाने ते एकच झाड आहे. इथे लावल्या जाणाऱ्या जी-नाईन (ग्रँड नैन) या कॅव्हेंडिश गटातल्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून फळात बी धरत नाही. कंदाला फुटलेलं पील लावा किंवा प्रयोगशाळेतलं रोप आणा, नवं झाड ही जुन्याचीच हुबेहूब प्रत असते. इक्वेडोर, फिलिपिन्स, मोझांबिकमधल्या निर्यातीच्या बागाही याच कॅव्हेंडिश गटातल्या. आपली जुनी बसराई त्याच गटातली. जगात पिकणाऱ्या केळीपैकी जवळपास निम्मी केळी या एका गटाची आहे.

जागतिकीकरणाने खानदेशाला काय दिलं, याचं उत्तर मी आधी या बागांत शोधतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग हे दोघे तंबाखूच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची धडपड करत होते. क्षार, साखर, जीवनसत्त्वं आणि संप्रेरकं यांचं नेमकं मिश्रण त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. केळीच्या कंदातला काही मिलिमीटरचा कोंब अशाच माध्यमावर ठेवला की त्याला अनेक फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवता येतात. १९९० च्या दशकात जैन इरिगेशनच्या जळगावातल्या प्रयोगशाळेमुळे ही रोपं इथल्या शेतकऱ्याच्या हाती आली. इस्रायलमध्ये घडलेलं ठिबक तंत्र सोबतीला होतंच. दीड वर्ष चालणारी बाग वर्षभरात कापणीला येऊ लागली, निसवण (घड बाहेर पडणं) एकसारखी झाली, माल आखाती देशांत जाऊ लागला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं ज्ञान बाहेरून आलं आणि त्याने इथल्या कितीतरी घरांतल्या मुलांचं शिक्षण झालं, याचं मला मोल वाटतं.

पण ज्या वाटांनी रोपं, माणसं आणि अवजारं फिरतात, त्याच वाटांनी रोगही फिरतो.

कॅव्हेंडिशच्या आधी जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाची केळी होती. मातीतल्या फ्युजेरियम बुरशीने, म्हणजे पनामा रोगाने, तिच्या लॅटिन अमेरिकेतल्या बागा संपवल्या आणि १९६० पर्यंत तो व्यापार कोसळला. कॅव्हेंडिश त्या बुरशीला दाद देत नव्हती, म्हणून तिची जगभर लागवड झाली. पुढे तैवानमध्ये याच बुरशीचा असा प्रकार सापडला, जो कॅव्हेंडिशलाही मारतो. त्याला टीआर-४ म्हणतात. १९९७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात, २०१३ मध्ये जॉर्डन आणि मोझांबिकमध्ये, २०१९ मध्ये कोलंबियात, २०२१ मध्ये पेरूमध्ये नोंदला गेला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत तो पोहोचला आहे.

ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. खालची जुनी पानं आधी, कडेकडून पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात. खोड बुंध्याशी उभं चिरतं. आडवं कापलं तर आत तांबूस-तपकिरी ठिपके आणि वलयं दिसतात. थंडीच्या चरक्यानेही पानं पिवळी पडतात, पण आतून खोड असं तांबूस होत नाही. माणसाला या बुरशीचा अपाय नाही, फळ खायला काहीच हरकत नाही. बागेला मात्र औषध नाही. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षं तग धरतात.

मला खरी काळजी आपल्या एका सवयीची वाटते. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणूरोग आला तेव्हा आपण रोगट झाड उपटायला शिकलो, आणि ते बरोबर होतं, कारण तो विषाणू माव्यामार्फत पसरतो, मातीत टिकून राहत नाही. टीआर-४ चं झाड उपटून बांधावर किंवा नाल्यात टाकलं तर मुळाला चिकटलेली माती पुढच्या बागेत जाते. विळ्याला, ट्रॅक्टरच्या चाकाला, चपलेला लागलेला चिखल पुरतो. हिवाळ्यात बागेत भरीत पार्ट्या होतात, दहा गावचे पाहुणे येतात. त्यांच्या पायांकडे आजवर बघायची गरज पडली नव्हती.

उपायही जगभरातूनच येत आहेत. प्रयोगशाळेतली रोपं एरवी हुबेहूब प्रत असली, तरी वाढवताना काहींत आपोआप बदल होतात. तैवानच्या संशोधकांनी अशा बदललेल्या रोपांतूनच रोगाला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या जाती निवडल्या. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं, त्या केळीला तिथे २०२४ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. रानटी आणि देशी जाती जपणं म्हणूनच निव्वळ हौसेचं काम नाही. उद्याचं जनुक तिथूनच मिळणार आहे.

तोवर बाहेरच्या राज्यातून पिलं आणू नयेत. पील वरून निरोगी दिसलं तरी आत बुरशी असू शकते. खात्रीच्या प्रयोगशाळेचं रोप रोगमुक्त असतं, पण रोगट मातीत लावलं तर तेही बळी पडतं. दुसऱ्याच्या बागेतून आलेली अवजारं बांधावरच धुवावीत. संशयित झाड दिसलं तर उपटू नये, त्या जागेचं पाणी बंद करावं, भोवती फिरणं थांबवावं आणि जळगावच्या केंद्रात किंवा कृषी विभागात लगेच कळवावं.