सोमाची गोळी आणि क्लोराइडचं दार

'सरकार पाण्यात फ्लोराइड मिसळून जनतेला गप्प करतंय' हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. कुणी आज्ञाधारक झाल्याचं ऐकिवात नाही.

गप्प करणारं औषध भेटतं ते ऑल्डस हक्स्लींच्या 1932 सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत. नाव सोमा, थेट वेदांतलं. (वैदिक ऋषींना मेंदूची औषधं ठाऊक होती, असा नवा फॉरवर्ड कृपया काढू नका, सोमवल्ली नेमकी कोणती यावरच अजून एकमत नाही.) अर्धा ग्रॅम घेतला की अर्ध्या दिवसाची रजा, एक ग्रॅम म्हणजे शनिवार-रविवार. पाळी सुटली की कामगारांना गोळ्या वाटतात. दंगा झाला तर पोलीस सोमाची वाफ सोडतात. सकाळी डोकंही जड होत नाही.

मेंदूत हे घडणार कसं? चेतापेशीच्या पटलावर पाच प्रथिनांनी बनलेलं एक दार असतं. 'गाबा' नावाचं रसायन त्यावर बसलं की ते उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी संदेश सोडत नाही. डायझेपामसारखी चिंता शमवणारी औषधं हे दार पुन्हा पुन्हा उघडायला लावतात, पण गाबा हजर असेल तरच. हक्स्लींच्या काळातली बार्बिट्युरेट्स ही झोपेची औषधं मात्र ते जास्त वेळ उघडं ठेवतात, आणि मात्रा वाढली तर गाबाची वाटही बघत नाहीत. मग श्वासच मंदावतो. कादंबरीतली लिंडा दिवसाला 20 ग्रॅमपर्यंत सोमा घेते. डॉक्टर म्हणतो, महिना-दोन महिन्यांत श्वसनकेंद्र लुळं पडेल. इथे हक्स्ली अचूक आहेत.

त्यांनी बगल दिली ती औषध अंगवळणी पडण्याला. रोज गोळी घेतली की ही दारं तिला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, आणि पेशींना चेतवणारी ग्लुटामेटची यंत्रणा जोर धरते. तेवढ्याच शांततेसाठी मात्रा वाढवावी लागते. एकदम बंद केली तर घबराट, निद्रानाश, कधी फिटसुद्धा. म्हणजे गोळ्यांचा ट्रक घाटात आठवडाभर अडकला, तर सगळी आज्ञाधारक पाळी थरथरत गेटवर उभी!

अमेरिकेत 1959 साली सोमा नावाची गोळी खरोखरच बाजारात आली. आतलं औषध कॅरिसोप्रोडॉल. यकृतात त्यापासून मेप्रोबामेट तयार होतं, म्हणजे 1955 पासून चिंतेवर खपत असलेलं औषध. ही सोमा मात्र डॉक्टर देत ती पाठीत उसण भरली तर.