लिनक्सचा संगणक बांधून घेण्याआधी

इंदुरातल्या आमच्या दुकानात लिनक्सचा (विंडोजऐवजी वापरायच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा) संगणक बांधून घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक ‘इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर घेऊ की एएमडीचा रायझन?’ इथून सुरुवात करतात. आम्ही आधी विचारतो, प्रिंटर कोणता आहे? प्रोसेसर कोणताही घ्या, रॅम कोणतीही घ्या; लिनक्सवर अडतं ते बाहेरून जोडायच्या वस्तूंपाशी. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सचा ड्रायव्हर (ती वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. कॅननचा एलबीपी २९०० इंदुरात अजून टेबलाटेबलावर दिसतो, पण तो कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने छापतो आणि लिनक्सवर त्याला बोलतं करणं खटपटीचं आहे. तो चालेलच अशी हमी आम्ही देत नाही. तोच ठेवायचा असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा.

इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. एनव्हीडियाचं कार्डही चालतं, पण बहुतेक वेळा त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि कर्नल बदलला की कधीकधी पडदा काळाच राहतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयचं काम असेल तर जरूर घ्या. बिलं आणि पत्रं टाइप करायला त्यावर पैसे घालू नका. वायफायसाठी आम्ही शक्यतो इंटेलचं कार्ड बसवतो. स्वस्तातलं यूएसबी डोंगल स्वतः विकत आणू नका. डब्यावर नाव तेच असतं, आतली चिप मात्र बदललेली निघते.

जुना संगणक भंगारात देण्याची घाई नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यात न बसणारी चौथ्या-सहाव्या जनरेशनची मशीन एसएसडी (वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम घातली की लिनक्स मिंटवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) छान चालते. नुसता एसएसडी घातला तरी फरक जाणवतो. ३२ बिटच्या, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरच्या, मशीनला मात्र आम्ही हात लावत नाही. डेबियन नावाच्या लिनक्सनेही २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

शीतलामाता बाजारातल्या दुकानदारांना स्पष्टच सांगतो: हिशेबाचं टॅली लिनक्ससाठी बनत नाही. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ओढूनताणून चालवता येतं, पण मार्चअखेरीला त्याच्या भरवशावर राहू नका. मुनीमजींची एक मशीन विंडोजवर ठेवा, काउंटरवरच्या बाकीच्या लिनक्सवर घ्या. कोर्टाचं टायपिंग करणाऱ्यांना कृतिदेव फॉन्ट लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) वापरता येतो, आणि रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कळमांडणीवर) हात बसलेल्यांसाठी युनिकोडमध्येही तो लेआउट आम्ही बसवून देतो. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर आयताच असतो. ‘ळ’ शिफ्ट दाबून ‘एन’वर.

भंवरकुव्याकडच्या कोचिंग क्लासवाल्यांना सूचनाफलकासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) हवा असतो. कल्पना चांगली आहे, बिघडते ती मोबाइलच्या चार्जरमुळे. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. वीज कमी पडली की तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. कार्डावर डेटा लिहिणं चालू असताना लाइट गेली तर एसडी कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो, म्हणून जिथे यूपीएस नाही तिथे आम्ही कार्ड ‘फक्त वाचन’ पद्धतीने लावतो. आणि इंदूरचा मे महिना विसरू नका. पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेल्या पायची चिप ८० अंशांपुढे गेली की तो स्वतःचा वेग कमी करतो. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) किंवा पंखा हवाच.

येताना प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, जे रोज वापरता ते सगळं घेऊन या. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून प्रत्येक वस्तू तुमच्यासमोर लावून पाहू. तेवढ्यात तुमच्या डिस्कवरचं काही बदलत नाही. कायमचं बसवण्याआधी मात्र बॅकअप तुम्हीच घ्यायचा.

सुट्या भागांची बिलं ग्राहकाच्याच नावावर करतो, म्हणजे वॉरंटीसाठी आमच्याकडेच यायची सक्ती राहत नाही. मशीन ताब्यात घेताना पासवर्ड तुम्ही स्वतः टाका. तो आम्ही कुठे लिहून ठेवत नाही. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) करून घेतली असेल आणि पासवर्ड विसरलात, तर तो डेटा आम्हालाही काढता येणार नाही.