मस्तिष्कावरणशोथ : प्रतिजैविकांद्वारे प्रतिबंध

मेनिंगोकॉकस जीवाणूमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणशोथाच्या (मेंदूभोवतीच्या आवरणांच्या दाहाच्या) रुग्णाच्या निकटवर्तीयांना, क्वचित साऱ्या गावाला, लक्षणे दिसण्यापूर्वीच प्रतिजैविक देण्याची पद्धती. ‘मेंदूज्वर’ हा रूढ शब्द येथे टाळला आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणुजन्य जपानी मेंदूज्वरालाही तो लावतात आणि त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी आहेत.

रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन सामान्यतः जिनीव्हातील १८०५ च्या साथीचे मानतात. जीवाणू ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ व्हाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये वर्णिला. औषधी प्रतिबंधाचा मोठा वापर दुसऱ्या महायुद्धात, बहुधा १९४३ च्या आसपास, अमेरिकी सैनिकांना सल्फाडायझीन हे सल्फा गटातील औषध देऊन झाला. १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लष्करी तळांवर सल्फाला न जुमानणारे वाण आढळले आणि तो मार्ग खुंटला.

या उपायाचे लक्ष्य वाहकता, म्हणजे आजारी न पडता जीवाणू अंगी बाळगणे, हे होय. जीवाणू अनेकांच्या नाकामागे, घशात उपद्रव न करता राहतो. पेनिसिलीन रुग्णाला वाचवते, पण तेथून जीवाणूला हुसकत नाही. म्हणून पेनिसिलिनाने बऱ्या झालेल्या रुग्णालाही घरी जाण्यापूर्वी वेगळे औषध देतात. प्रौढांना रिफॅम्पिसिन ६०० मिग्रॅ. १२ तासांच्या अंतराने चार वेळा, सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ. एकदाच किंवा सेफ्ट्रिॲक्झोन २५० मिग्रॅ. स्नायूत एकदाच देतात. गर्भवतींसाठी शेवटचे पसंत करतात. रुग्ण आढळल्यापासून २४ तासांत निकटवर्तीयांना औषध द्यावे. १४ दिवसांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही.

व्याप्तीविषयी मतभेद आहेत. नायजरमधील मादारूंफा भागात २०१७ मध्ये झालेल्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिनची एक मात्रा गावातील सर्वांना दिल्यावर रोगाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. केवळ घरच्यांना दिल्याने फरक दिसला नाही. मात्र ती मोठ्या साथीतील स्थिती होती. दिल्लीच्या २००५ च्या साथीतील जीवाणूंमध्ये याच औषधाला प्रतिरोध आढळला होता, हे पाहता सरसकट वाटपापेक्षा निकटवर्तीयांपुरता उपाय अधिक ग्राह्य वाटतो.

दुर्गम भागात औषधाची निवड फेऱ्यांवरही ठरते. सातारा जिल्ह्यात शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात चार मात्रांसाठी पुन्हापुन्हा जाण्यापेक्षा आरोग्यसेविकेसमोर गिळलेली एक गोळी खात्रीची. सांगलीकडील ऊसतोड मजुरांच्या तळावर प्रश्न वेगळा : निकटवर्ती कोण, एका कोपीतले (झोपडीतले) की सारी टोळी? एका ताटात जेवणारे, एकत्र झोपणारे आणि रुग्णाची लाळ लागलेले, असा अर्थ सर्वसाधारणपणे घेतात. टोळी दुसऱ्या फडावर हलण्यापूर्वी मुकादमाकडून नावे घ्यावी लागतात.