रेडिएटर, शांत जलशीतित संगणकाचा
प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाकडून पाण्याने वाहून आणलेली उष्णता हवेत सोडणारा घटक. चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये बसवलेल्या पातळ धातूच्या घड्या, म्हणजे फिन, अशी त्याची रचना असते. या नोंदीत कमी आवाजाच्या दृष्टीने त्याच्या निवडीचाच विचार केला आहे.

मोठ्या संगणकांत जलशीतन जुनेच आहे. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात चिपांची उष्णता पाण्यावर घेतली जाई. घरगुती रेडिएटरचा वंश मात्र तिथवर नेणे अवघड दिसते. हौशी मंडळींनी साधारणतः १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारीच्या हीटरमधील रेडिएटर संगणकाला जोडले. आजच्या नळ्या-फिनची ठेवण त्यांच्याशी अधिक जुळते. ॲपलचा द्रवशीतित पॉवर मॅक जी५ आला तो २००४ मध्ये.

रेडिएटर स्वतः निःशब्द असतो, आवाज करतात ते पंखे (पंपाचा प्रश्न निराळा). पंख्याचा वेग निम्मा केल्यास ध्वनिशक्तीची पातळी सुमारे १५ डेसिबलने उतरते, तर तशाच पंख्यांची संख्या दुप्पट केल्याने ती ३ डेसिबलनेच चढते. म्हणजे दुप्पट क्षेत्रावर दुप्पट पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा जवळपास तेवढीच वाहते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने घटतो. मोटरची गुणगुण या हिशेबात धरलेली नाही.

त्यामुळे आधी क्षेत्रफळ पाहावे. २४० मिमीच्या रेडिएटरवर १२० मिमीचे दोन पंखे बसतात व २८८ चौ.सेंमी. क्षेत्र मिळते, १४० मिमीच्या दोन पंख्यांच्या २८० मध्ये ते ३९२, तीन पंख्यांच्या ३६० मध्ये ४३२ आणि ४२० मध्ये ५८८ चौ.सेंमी. होते. पेटीत जागा असल्यास ४२० ला ३६० पेक्षा पसंती द्यावी.

जाडीविषयी एकमत नाही. साधारण ३० मिमीपासून ६० मिमी व त्याहून जाड रेडिएटर मिळतात, आणि जाड तो थंड असा समज रूढ आहे. वेगवान पंख्यांपुढे तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. पण ३०० वॉट उष्णता हवेचे तापमान १० अंशांनी वाढवून बाहेर न्यायची, तर तासाला सुमारे ९० घनमीटर हवा लागते, मग रेडिएटर कितीही जाड असो. मंद हवा पुढच्या थरातच तापते आणि मागच्या थराला फारसे काम उरत नाही. पातळ पण विस्तृत रेडिएटरचा पक्ष म्हणूनच बळकट वाटतो.

फिनची दाटी इंचामागे मोजतात. वेग निम्मा झाला की पंख्याचा दाब चौथाईवर येतो. फिनमधील अरुंद वाटांचा विरोध मात्र साधारण निम्माच होतो. म्हणून मंद पंख्यांसाठी इंचामागे २० हून अधिक फिनचा रेडिएटर टाळून विरळ फिनचा घ्यावा. ‘१२० मिमीमागे १०० वॉट’, म्हणजे रेडिएटरच्या दर १२० मिमी लांबीला १०० वॉट उष्णता, हा प्रचलित ठोकताळा पंख्याचा वेग सांगतच नाही, तेव्हा शांत यंत्रासाठी तो अपुरा आहे.

एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असल्यास २८० वॉटने पाणी जेमतेम एका अंशाने तापते. म्हणजे ते सगळीकडे जवळपास सारखेच गरम असते, आणि साहजिकच पाण्याच्या वाटेवरील अनेक रेडिएटरांचा क्रम गौण ठरतो.

प्रोसेसरवर बसणाऱ्या व आतून पाणी वाहणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्याबरोबर, म्हणजे ब्लॉकबरोबर, ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये. विद्युत्-रासायनिक गंज चढतो. नवा रेडिएटर जोडण्यापूर्वी आतून धुऊन घेतात, कारण झाळकामातील अवशेष राहिलेले असतात.