वाचल्यानंतरचे महिने

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली व्यक्ती रुग्णालयातून घरी आली की धोका टळला, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात आधी केलेला प्रयत्न हाच पुढील आत्महत्येच्या धोक्याचा सर्वांत ठळक सूचक असतो आणि घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष नाजूक असतात. तरीही वाचलेल्यांपैकी दहातले साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरण पावत नाहीत. म्हणून हा नाजूक काळ पार पाडण्यासाठी दिलेली मदत फार मोलाची ठरते.

या काळात मनात काय घडत असते, याचा एक महत्त्वाचा धागा 1986 साली मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातून हाती आला. ‘आनंदी’ यासारखा एखादा शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील एक नेमका प्रसंग आठवायला सांगितले असता, नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्ती अनेकदा ‘मित्रांबरोबर असताना’ अशा धर्तीचे मोघम उत्तर देत. विशिष्ट दिवस किंवा घटना त्यांना सहज सापडत नसे, आणि सुखद शब्दांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवे. आठवण शोधताना मन आधी ढोबळ वर्णनापाशी पोहोचते व तेथून नेमक्या प्रसंगाकडे उतरते. या व्यक्तींचा शोध ढोबळ पातळीवरच थांबतो. याचा परिणाम भूतकाळापुरता राहत नाही, कारण अडचणीतून वाट काढताना आपण पूर्वीच्या नेमक्या अनुभवांचा आधार घेतो आणि भविष्याचे चित्रही त्याच तपशिलांतून रचतो. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅक्लाउड यांना असे आढळले, की अशा व्यक्तींना भविष्यात इतरांपेक्षा अधिक वाईट गोष्टी दिसत नाहीत. त्यांना चांगल्या गोष्टी कमी सुचतात.

‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला मला म्हणूनच निष्ठुर वाटतो, कारण जी क्षमता दुबळी झाली आहे तिचीच तो मागणी करतो. बाधा समजून मांत्रिकाकडे नेणे तर अधिक घातक आहे, कारण त्यात उपचारांचे मोलाचे आठवडे वाया जातात.

स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेली सुरक्षा योजना येथे उपयोगी पडते. मन तुलनेने शांत असताना ती व्यक्ती आणि समुपदेशक मिळून संकटाची पूर्वचिन्हे, स्वतःला सावरण्याचे उपाय, जवळची माणसे आणि मदतीचे क्रमांक लिहून ठेवतात. जीवघेणी साधने दूर ठेवण्याचेही त्यात ठरवले जाते. ऐन संकटात जे आठवणार नाही ते कागदावर तयार असते. यासोबत नैराश्य, व्यसन किंवा अन्य आजारांवर उपचार हवेतच. ‘पुन्हा तसे विचार येतात का?’ असे स्पष्टपणे विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत, हे अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा घरच्यांनी हा प्रश्न टाळू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, कँपिनास (ब्राझील), कराज (इराण) आणि युनचेंग (चीन) येथे आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत सुमारे तासभर माहिती देण्यात आली आणि पुढील 18 महिन्यांत 9 वेळा फोनवरून किंवा भेटून त्यांची विचारपूस करण्यात आली. या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण 0.2 टक्के राहिले, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ते 2.2 टक्के होते.