धोकादायक माल : वाहतुकीसाठी रसायनांची वर्गनिश्चिती

एखादे रसायन जहाज, विमान, रेल्वे किंवा ट्रकने पाठवण्यापूर्वी ते वाहतुकीच्या नियमांनुसार ‘धोकादायक माल’ ठरते का आणि ठरत असल्यास कोणत्या वर्गात बसते, हे तपासण्याची पद्धत. न्हावा-शेवा बंदराच्या व्यवहारात अशा मालाला ‘हॅझ’ किंवा ‘डीजी’ कार्गो म्हणतात आणि उरलेल्याला ‘नॉन-हॅझ’. निर्णयाची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते. एजंट, फॉरवर्डर, प्रयोगशाळा मदत करतात, पण घोषणापत्रावर सही पाठवणाऱ्याचीच लागते.

या सगळ्याचे मूळ संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत आहे. नारिंगी मुखपृष्ठामुळे त्या ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखल्या जातात आणि दर दोन वर्षांनी सुधारल्या जातात. समुद्रमार्गासाठी त्यावर बेतलेली आयएमडीजी संहिता (धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय सागरी संहिता) १९६५ पासून आहे. १ जानेवारी २००४ पासून ती बंधनकारक झाली. विमानांसाठी आयसीएओचे (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे) वेगळे तांत्रिक नियम आहेत. भारतातील रस्ता वाहतुकीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. सर्वत्र वर्ग मात्र तेच नऊ : स्फोटके, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडीकारक, विषारी व संसर्गजन्य पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, क्षरणकारी पदार्थ आणि नववा ‘संकीर्ण’.

नवख्या निर्यातदाराची सर्वात मोठी गफलत येथेच होते. कारखान्यात घातक मानलेले रसायन वाहतुकीतही घातकच असेल, असे तो गृहीत धरतो, किंवा याच्या उलट. वाहतुकीचा नियम एक नेमका प्रश्न विचारतो : पिंप फुटले, पाणी शिरले, आग लागली, तर प्रवासात जवळ असलेल्या माणसांवर, जहाजावर आणि समुद्रावर काय ओढवेल? वर्षानुवर्षे संपर्कात राहून होणारा कर्करोग या कसोटीत धरलेला नाही. विषारीपणाची रेषाही वेगळ्या जागी आहे. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती किलोमागे ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पदार्थ वर्ग ६.१ मध्ये, म्हणजे सहाव्या वर्गाच्या विषारी पदार्थांच्या उपविभागात जातो. ३०० ते २,००० मिलिग्रॅममधल्या पदार्थाच्या डब्यावर उद्गारचिन्हाचे इशाराचित्र असते, पण केवळ तेवढ्यामुळे तो ‘हॅझ’ ठरत नाही. उलट देवघरातला कापूर हा वर्ग ४.१ चा ज्वलनशील घन आहे, त्याचा यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक) २७१७. सुके खोबरे वर्ग ४.२ मध्ये आहे (क्रमांक १३६३), कारण ढिगात साठवलेले तेलकट खोबरे हवेतील ऑक्सिजनमुळे आपोआप तापत जाते. एरंडीच्या बिया नवव्या वर्गात आहेत. एरंडेल तेल त्या नोंदीत येत नाही.

तपासणीची सुरुवात नावापासून करावी. धोकादायक मालाच्या यादीत हजारो नोंदी आहेत आणि प्रत्येकीला चार अंकी यूएन क्रमांक आहे. पदार्थ यादीत नावानिशी असेल तर यादीने दिलेला वर्ग घ्यायचा. आपल्या मताला तेथे वाव नाही. पण नाव जुळले म्हणून काम संपत नाही, कारण पदार्थाचे रूप आणि प्रमाण उत्तर बदलते. कॉस्टिक सोड्याचे खडे १८२३, त्याचेच द्रावण १८२४. पिवळा गंधक वर्ग ४.१ चा, पण तोच गोळ्या, दाणे किंवा पापड्यांच्या ठरावीक आकारात असला तर संहितेतून मुक्त. अल्कोहोल २४ टक्क्यांपर्यंत असलेल्या जलीय द्रावणाला विशेष तरतुदीने सूट आहे. ७० टक्क्यांचे सॅनिटायझर सरळ वर्ग ३ मध्ये जाते. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या कोरड्या मिश्रणात उपलब्ध क्लोरीन ३९ टक्क्यांहून अधिक असेल तर एक क्रमांक, १० ते ३९ टक्क्यांत दुसरा. म्हणून ‘ब्लीचिंग पावडर’ एवढेच लिहिलेल्या बिलावरून कोणीही वर्ग सांगू नये.

नाव यादीत नसेल तर चाचण्या कराव्या लागतात. ज्वलनशील द्रवांसाठी फ्लॅश पॉइंट पाहतात, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने क्षणभर पेटते ते तापमान. बंद भांड्याच्या चाचणीत ते ६० अंश सेल्सियस किंवा कमी आले की वर्ग ३. उघड्या भांड्यातला आकडा सहसा जास्त येतो, म्हणून अहवालात पद्धत लिहिलेली नसेल तर तो परत पाठवणेच योग्य. त्यानंतर पॅकिंग ग्रुप, म्हणजे त्या वर्गातली धोक्याची तीव्रता, ठरतो (पहिला ग्रुप सर्वाधिक धोक्याचा). उत्कलन ३५ अंशांपर्यंत सुरू होत असेल तर पहिला, त्याहून वर उकळणारा पण २३ अंशांखाली पेटणारा दुसरा, बाकी तिसरा. क्षरणकारी पदार्थांत वेळ मोजतात. तीन मिनिटांच्या आतल्या संपर्काने त्वचेचा पूर्ण थर नष्ट झाला तर पहिला ग्रुप, तासाभरापर्यंतच्या संपर्काने दुसरा, चार तासांपर्यंतच्या संपर्काने तिसरा. त्वचेला अपाय न करणारा द्रवही ५५ अंशांना पोलाद किंवा ॲल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरहून अधिक वेगाने खात असेल, तर तो वर्ग ८ मध्येच येतो. हा मुद्दा फार जण विसरतात, आणि कंटेनरचा पत्रा तर पोलादाचाच असतो.

पाण्याशी संयोग होऊन पेटता वायू देणाऱ्या पदार्थांचा वर्ग ४.३. येथे दर किलोमागे तासाला एक लिटरपेक्षा जास्त वायू निघाला तर पदार्थ या वर्गात बसतो. आंबे पिकवण्यासाठी बेकायदा वापरले जाणारे कॅल्शियम कार्बाइड याच वर्गाचे (क्रमांक १४०२). पाणी लागताच त्यातून ॲसिटिलीन सुटतो. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले तेव्हा त्यावरच्या १२ कंटेनरांत कार्बाइड होते. बचाव पथकाला काय हाती लागणार आहे, हे असल्या वेळी फक्त घोषणापत्रावरून कळते.

एका पदार्थात दोन-तीन धोके असतील तर अग्रक्रमाच्या तक्त्यावरून मुख्य वर्ग ठरतो, बाकीचे दुय्यम धोके म्हणून लेबलवर येतात. कोणत्याच वर्गात न बसणारा, पण जलचरांना घातक असलेला पदार्थ नवव्या वर्गात जातो : घन असेल तर ३०७७, द्रव असेल तर ३०८२.

प्रत्यक्षात बहुतेक जण सेफ्टी डेटा शीटचा (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) चौदावा, म्हणजे वाहतुकीचा, विभाग उघडतात आणि तेथे ‘लागू नाही’ दिसले की थांबतात. तसे थांबू नये. नवव्या विभागातला फ्लॅश पॉइंट आणि अकराव्यातले विषारीपणाचे आकडे चौदाव्याशी जुळतात का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि विसंगती पुष्कळदा तिथेच सापडते. हॅझ मालाचे भाडे जास्त असते, कागदपत्रे वाढतात, संयुक्त राष्ट्रांच्या खुणेचे प्रमाणित पॅकिंग लागते (भारतात याच्या चाचण्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते). हा खर्च टाळण्यासाठी चुकीचे नाव लिहिणे म्हणजे खलाशाच्या जिवाशी खेळणे आहे, कारण जहाजावर कोणता कंटेनर कशापासून किती दूर ठेवायचा, हे सारे याच नोंदीवरून ठरते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’चा स्फोट झाला. त्या बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. कापसाच्याही काही नोंदी आज यादीत आहेत : ओला कापूस १३६५, तेलकट कापूस-कचरा १३६४, दोन्ही वर्ग ४.२.

एकदा मिळालेले उत्तर कायमचे धरता येत नाही. लोणारी कोळसा, नारळाच्या करवंटीचा कोळसाही, क्रमांक १३६१ खाली येतो. आपोआप तापण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखवून समुद्रमार्गे तो नॉन-हॅझ म्हणून पाठवता येत असे. संहितेच्या ४२-२४ या सुधारणेने ती सूट काढून घेतली, आणि १ जानेवारी २०२६ पासून असा कोळसा वर्ग ४.२ चा धोकादायक माल म्हणूनच घोषित करावा लागतो.