प्रोसेसर थेट टॉपमध्ये लावताय? हाय-गेन टोन कानाला टोचू नये म्हणून

आमच्याकडून टॉप (लोकांच्या बाजूला लावायचे पीए स्पीकर), मिक्सर किंवा स्टेज मॉनिटर भाड्याने नेणाऱ्या गिटारवादकांसाठी हे पत्रक आहे. नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडवरचे बँड असोत, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवणारे ऑर्केस्ट्रे असोत, नाहीतर लॉन्सवर लग्नात वाजवणारे असोत, आता अ‍ॅम्प फारसं कुणी आणत नाही. गिटारचे टोन आणि इफेक्ट तयार करणारा प्रोसेसर पाठीवरच्या बॅगेत मावतो, एक केबल मिक्सरला गेली की काम झालं. आम्हालाही ही पद्धत आवडते. स्टेज मोकळं राहतं आणि गायकाच्या माइकमध्ये अ‍ॅम्पचा आवाज शिरत नाही.

तक्रार मात्र ठरलेली असते. क्लीन टोन छान वाजतो, डिस्टॉर्शनचा पॅच (प्रोसेसरमध्ये सेव्ह केलेला टोन) लावला की किरकिर सुरू. ‘घरी हेडफोनवर तर मस्त वाटत होता.’ मग कुणी म्हणतो प्रोसेसर स्वस्तातला आहे, कुणी म्हणतो टॉप खराब आहेत. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू ठणठणीत असतात आणि दुरुस्ती पॅचमध्येच करायची असते. ती कशी, ते पुढे सांगितलं आहे.

किरकिर येते कुठून

गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. पातळ तारेवर अगदी २४व्या फ्रेटला गेलात तरी १३१८ हर्ट्झ. त्याच्या वर जे काही ऐकू येतं ते हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलची टोकं छाटली जातात, आणि छाटणी जितकी जास्त तितके वरचे हार्मोनिक्स जास्त. हाय-गेनला, म्हणजे डिस्टॉर्शन खूप वाढवलेलं असताना, ते पार १० हजार हर्ट्झच्या पुढे जातात.

खऱ्या अ‍ॅम्पमध्येही हे सगळं तयार होतंच, पण गिटारचा स्पीकर ते बाहेर येऊ देत नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा रॉक-मेटलमध्ये सर्रास वापरला जाणारा १२ इंची स्पीकर. कंपनी स्वतःच त्याची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ अशी देते. ५ हजारांच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. कॅबिनेटमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या आवाजाचा वेगळा छोटा स्पीकर, नसतोच. आपण ज्याला ‘अ‍ॅम्पचा टोन’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा या पडण्याचा आहे.

पीएचा टॉप उलट्या कामासाठी बनवलेला असतो. गायकाचा शब्द आणि हाय-हॅटची चमक शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली पाहिजे, म्हणून त्यात खालच्या आवाजाच्या वूफरच्या जोडीला वरच्या आवाजाचा हॉर्न असतो. बहुतेक टॉपमध्ये साधारण २ हजार हर्ट्झच्या आसपास वूफर थांबतो आणि हॉर्न काम हातात घेतो, तो थेट १६-१८ हजारांपर्यंत. गिटारच्या स्पीकरने जे गाळलं असतं, ते सगळं हॉर्न इमानदारीत लोकांच्या कानात घालतो. मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो तो यामुळे.

आधी कॅब सिम पाहा

पॅचमध्ये अ‍ॅम्पच्या पुढे कॅबचा (स्पीकर-कॅबिनेटची नक्कल करणारा) किंवा आयआरचा ब्लॉक आहे का, आणि तो चालू आहे का, हे सगळ्यात आधी बघा. प्रॅक्टिस रूममध्ये अ‍ॅम्पला लावताना कॅब बंद केलेला असतो आणि कार्यक्रमात तो तसाच बंद राहतो. काही प्रोसेसरमध्ये ‘आउटपुट सिलेक्ट’ नावाचं वेगळं सेटिंग असतं. तिथे एखाद्या अ‍ॅम्पचं नाव निवडलेलं असेल, तर प्रोसेसर त्या अ‍ॅम्पच्या हिशेबाने आवाज पाठवतो. टॉपला किंवा मिक्सरला जायचं असेल तर ते ‘लाइन’वर हवं.

कॅब चालू असूनही आवाज चिरका असेल तर आयआर बदलून बघा. आयआर म्हणजे कॅबिनेट आणि त्यासमोर ठेवलेला माइक या दोघांचा मिळून घेतलेला ठसा. माइक बहुधा शुअर एसएम ५७ असतो, कॅबिनेटच्या कापडाला जवळजवळ चिकटवलेला, आणि त्या माइकचा स्वभावच ५-६ हजारांच्या आसपास थोडा उठावदार आहे. माइक स्पीकरच्या कोनाच्या (शंकूच्या) बरोबर मध्यावर असेल तर टोन सगळ्यात तीक्ष्ण, कडेला सरकवला की मऊ. प्रोसेसरमध्ये माइकची जागा बदलता येत असेल, तर ईक्यूला (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला) हात लावण्याआधी माइक बाहेरच्या बाजूला सरकवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

बाहेरून आणलेली आयआर फाइल ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची आणि प्रोसेसर ४८वर चालणारा असेल, तर ती त्याच्या सॉफ्टवेअरमधूनच घाला म्हणजे बदलून घेतली जाईल. न बदलता वाजली तर सगळा टोन साधारण ९ टक्के वर सरकतो आणि पातळ लागतो.

हाय-कट: घाबरू नका

कॅब ब्लॉकच्या आत किंवा त्यानंतरच्या ईक्यूमध्ये हाय-कट, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या वरचा आवाज कमी करणारा फिल्टर, असतो. बरेच जण तो १२ हजारांवर ठेवतात आणि आपण काहीतरी केलं असं समजतात. हाय-गेनसाठी सुरुवात ७ हजारांपासून करा. अजून टोचत असेल तर ६ हजार, गरज पडली तर ५ हजारांपर्यंत खाली या. प्रोसेसरमधला हाय-कट बऱ्याचदा सौम्य उताराचा असतो. आकडा ६ हजार लिहिलेला असला, तरी ८ हजारांचा आवाज बऱ्यापैकी शिल्लक राहतो. म्हणून आकडा छोटा दिसतो म्हणून दचकू नका, कानाने ठरवा.

एकटं वाजवताना असा टोन बोथट वाटेल. बँड सुरू झाला की तोच नीट बसतो, कारण वरची चमक सिंबल देत असतात. गिटारला तिथे जागा लागतच नाही. याबाबत आमचं मत पक्कं आहे: एकट्याने ऐकून ठरवलेला हाय-गेन टोन बँडमध्ये चुकतोच.

घरचा आवाज आणि स्टेजचा आवाज

कान सगळ्या आवाजपातळ्यांवर सारखं ऐकत नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आवाज लहान असताना कानाला बेस कमी ऐकू येतो, त्यामुळे रात्री हेडफोनवर पॅच बनवताना हात आपोआप बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड काढून टाकतो. जाडी यावी म्हणून गेनही वाढतो. घरी ते भारदस्त वाटतं. हाच पॅच डोंगरे वसतिगृह मैदानासारख्या मोकळ्या जागेत मोठ्या आवाजावर लावला, की खालचा भाग घुमतो, वरचा टोचतो आणि मधली गिटार गायब होते. त्यातच कानाची सगळ्यात तिखट जागा २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आहे, आणि टॉपमधला हॉर्न नेमका तिथेच जोर धरतो.

यावर उपाय एकच. पॅचचं शेवटचं सेटिंग कार्यक्रमाच्या आवाजावर आणि तशाच टॉपवर करायचं. मिड परत आणा, ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये गिटारचं अंग असतं. गेन तुम्हाला हवा वाटतो त्याच्या तीन चतुर्थांशावर आणा. पाम म्यूट (तारा तळहाताने दाबून वाजवलेले सूर) घट्ट हवे असतील तर अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी छाटतो, म्हणून गेन न वाढवता रिफ सुटसुटीत ऐकू येते. दोन गिटार असतील तर दोघांनीही गेन कमी करा, एकाने करून भागत नाही.

लो-कट (खालचा आवाज कमी करणारा फिल्टर) ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान. खालची जागा बेस गिटारची आणि किकची.

शिट्टी शोधायची कशी

हाय-कट लावूनही एखादा सूर सुईसारखा लागत राहिला, तर तो शोधून काढावा लागतो. पॅरामेट्रिक ईक्यूचा (ज्यात पट्ट्याची जागा आणि रुंदी बदलता येते) एक बँड, म्हणजे पट्टा, घ्या, क्यू ६च्या आसपास म्हणजे अरुंद, आणि तो चक्क ८ डीबी वाढवा. टॉपचा आवाज आधी थोडा कमी करा, कान सांभाळा. आता मित्राला जाड तारेवर पॉवर कॉर्ड सतत वाजवायला सांगा आणि तुम्ही बँड २ हजारांपासून सावकाश वर न्या. एका जागी आवाज असा किंचाळेल की दात शिवशिवतील, बऱ्याचदा ती जागा अडीच ते साडेचार हजारांत सापडते. तिथे थांबा, आणि वाढवलेला बँड शून्याच्या खाली ३-४ डीबी न्या. त्याहून खोल खणू नका, टोन नाकातून आल्यासारखा होतो. अशा दोनपेक्षा जास्त जागा कापाव्या लागल्या, तर आयआरच बदललेला बरा. गायकाचे शब्द याच पट्ट्यात उमटतात, त्यामुळे इथली सफाई झाली की गाणंही स्पष्ट ऐकू येतं.

टॉपच्या मागे आणि मिक्सरवर

टॉपच्या मागे ‘डीजे’, ‘लाइव्ह’, ‘स्पीच’ अशी मोडची निवड असते. डीजे मोड बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवतो, गिटारसाठी तो नको. फ्लॅट असेल तर फ्लॅट ठेवा. टॉपलाच थेट लावत असाल तर इनपुटचं बटण माइकवर नको, लाइनवर हवं. प्रोसेसरचा आउटपुट दणकट असतो, तो माइक इनपुटमध्ये घातला की तिथे पुन्हा क्लिप होतो आणि ती किरकिर कुठल्याच हाय-कटने जात नाही. मिक्सरवर चॅनलचा गेन असा ठेवा की सगळ्यात मोठ्या सोलोलाही लाल दिवा लागणार नाही, आणि चॅनलचा ईक्यू सरळ. एकच केबल देणार असाल तर ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जॅकमधूनच द्या.

स्टेज मॉनिटरचं तोंड थेट तुमच्या कानाकडे असतं. अ‍ॅम्प तुमच्या पायाशी पोटऱ्यांवर वाजायचा, त्याची धार तुम्ही कधी ऐकलीच नव्हती. म्हणून मॉनिटरमध्ये तोच टोन जास्त टोचतो. ऑपरेटरला सांगून मॉनिटरच्या लाइनवर वरचा भाग कमी करून घ्या. समोरच्या लोकांसाठीचा टोन मात्र स्वतः समोर जाऊन ऐकल्याशिवाय बदलू नका. लांब वायर नाहीतर वायरलेस घेऊन पाचव्या-सहाव्या रांगेत उभे राहा, टॉपच्या अगदी समोर नको, मध्येही नको.

आधी ऐकून जा

उघड्यावरचे कार्यक्रम रात्री १०ला थांबवावे लागतात, त्यामुळे उशीर झाला की पहिला बळी साउंडचेकचा जातो. पॅच तिथे बनवायला वेळ मिळणार नाही असंच धरून चाला. आमच्याकडून सामान बुक केलं असेल, तर कार्यक्रमाच्या आधी दुपारी गोडाऊनवर या. तुम्हाला मिळणार तेच टॉप, त्याच मिक्सरवर, कार्यक्रमाच्या आवाजात लावून देऊ, आणि वरची सगळी सेटिंग तुमच्याबरोबर बसून करू. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. सकाळी आणि रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते करत नाही.

येताना स्टेजवर वाजवणार तीच गिटार आणा, कारण पिकअप बदलला की सगळं बदलतं. तारा बदलायच्या असतील तर आधी बदलून या, नव्या तारा चांगल्याच तेज वाजतात. प्रोसेसरचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर आणा. आणि सेटिंग झालं की पॅच नव्या नावाने सेव्ह करा, घरचा पॅच घरी लागतोच.